पूजेला मांडलेला संगणक

काही प्रकरणं आरोपपत्र दाखल झालं की डोक्यातून उतरतात. हे उतरलं नाही. मी तेव्हा नाशिकला सायबर पोलीस ठाण्यात निरीक्षक होते. दसऱ्याची सुट्टी संपली त्याच सकाळी एक मुलगी वडिलांना घेऊन ठाण्यात आली. सिन्नर तालुक्यातली, शहरातल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करणारी. ती रडत नव्हती. मला रडणाऱ्यांपेक्षा अशा लोकांची जास्त काळजी वाटते.

"मॅडम, माझा सगळा डेटा कोणीतरी पुसलाय," ती म्हणाली. गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासून जमवलेल्या नोंदी, त्यावरचं सगळं विश्लेषण. महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता आणि मुदतवाढ आधीच वापरून झाली होती.

"विद्यापीठातच का ठेवला? घरी नाही?"

"ते सॉफ्टवेअर विद्यापीठाच्या परवान्यावर, प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरच चालतं. घरच्या लॅपटॉपवर क्रॅक केलेलं टाकू नका अशी सूचना आहे. मी नाही टाकलं."

"बॅकअप?"

"बॅकअपची डिस्क तिथंच जोडलेली होती. तीही रिकामी आहे."

वडील पुढं सरकले. "नोंदणी रद्द होईल म्हनत्यात, मॅडम. लय फिरली हो पोर उन्हातान्हात," एवढंच बोलले.

तक्रार नोंदवून आम्ही प्रयोगशाळेत गेलो. सर्व्हरच्या नोंदी स्पष्ट होत्या. खंडेनवमीच्या दुपारी, प्रयोगशाळाप्रमुखांच्या लॉगिनवरून, त्यांच्याच टेबलावरच्या संगणकावरून फाइल्स काढल्या होत्या. कोणाला कोणतं सॉफ्टवेअर वापरता येईल हे ठरवणारं, सगळी दारं उघडणारं असं ते लॉगिन. प्रमुखांना सगळे सर म्हणत.

"शक्यच नाही," सर म्हणाले. "त्या दिवशी मशीनला कोणी हात लावत नाही. पूजा असते. हे बाहेरून हॅक झालंय."

त्यांच्या मागच्या भिंतीवर विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांसाठी संगणक सुरक्षेच्या सूचना लावल्या होत्या. 'जागेवरून उठताना संगणक लॉक करा' या ओळीवर झेंडूची सुकलेली माळ लोंबत होती. मी ती बाजूला करून ओळ मोठ्यानं वाचली. सरांनी मान वळवली नाही.

संध्याकाळी विभागातल्याच एका प्राध्यापिकेचा फोन आला. "माझं नाव येऊ देऊ नका. पूजेच्या दिवशी सरांचं लॉगिन दिवसभर उघडं असतं. दर वर्षी. ते स्वतःहून सांगणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी सरांना ठाण्यात बोलावून सरळ विचारलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "फोटोत स्क्रीन काळी दिसते हो. म्हणून लॉक होणं बंद करून ठेवतो."

माझे हवालदार चहा ठेवता ठेवता म्हणाले, "सर, आमच्याकडं बंदुकांची पूजा होते. पण पूजेपुढंही गार्ड उभा असतो."

प्रयोगशाळेच्या दारावरच्या कॅमेऱ्याचा उपयोग झाला नाही. प्रसादासाठी दार दिवसभर उघडं होतं आणि अर्धा विभाग आत-बाहेर करत होता. मग मी फोटो मागितले. विभागाच्या ग्रुपवरच्या सकाळच्या फोटोत संगणकावर फक्त झेंडू होता. सरांच्या फोनमध्ये आणखी एक फोटो निघाला, संध्याकाळी कुलूप लावताना काढलेला, कोणालाही न पाठवलेला. त्यात कीबोर्डवर एक पांढरी शेवंती होती.

"ही कोणी वाहिली?"

"लक्षातच आलं नाही," सर म्हणाले.

देवळाची दानपेटी फोडण्याआधी चप्पल बाहेर काढून ठेवणारे चोर मी पाहिले आहेत. पूजेतल्या वस्तूला हात लावणारा माणूस बरेचदा तिची माफी मागतो. फुलाबद्दल कुठं बोलू नका, असं सरांना बजावलं.

घाई मात्र करता येत नव्हती. पुसणाऱ्यानं कॉपी ठेवली असेल, तर ती एकमेव शिल्लक होती. त्याला संशय आला असता तर ती गोदावरीत जायला वेळ लागला नसता. म्हणून सगळ्यांनाच साधे जबाब द्यायला बोलावलं. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले आणि मध्येच सहज एक, पूजा कशी होती? सगळे म्हणाले, छान होती, झेंडूची.

सरांकडेच पीएच.डी. करणारा एक मुलगा होता. घरचा फुलांचा मळा मखमलाबादच्या बाजूला.

"फुलं तूच आणलीस म्हणे?"

"हो मॅडम. आमच्याच मळ्यातली. झेंडू, आणि एक शेवंती."

"एकच? कंजूषपणा केलास की."

तो हसला. मी हसले नाही. त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"सकाळच्या पूजेत शेवंती नव्हती," मी म्हटलं. "ती कधी वाहिलीस?"

त्यानं हात टेबलाखाली घेतले. मग म्हणाला, "माझा सॉफ्टवेअरचा अॅक्सेस संपला होता. किती वेळा मागितला. सर म्हणायचे, दसऱ्यानंतर बघू. मशीन उघडं दिसलं. फक्त माझा अॅक्सेस वाढवणार होतो."

"मग?"

"तिचं फोल्डर दिसलं. सर रोज म्हणायचे, ती बघ, ती बघ." मग घाईनं म्हणाला, "कॉपी घेतली होती. देणारच होतो परत."

"कुठाय?"

"मळ्यात. पंपाच्या खोलीत, फवारणीच्या औषधाच्या डब्यात."

दोन पंचांसमोर त्याचं निवेदन घेतलं आणि त्याला घेऊन साध्या कपड्यांत, खासगी गाडीनं निघालो. त्याचा फोन माझ्याकडे होता. तरी रस्ताभर मला तो डबाच दिसत होता. घरच्यांनी खोली झाडली असेल तर? डबा भंगारात गेला असेल तर?

मळ्यात त्याचे वडील शेवंती क्रेटमध्ये भरत होते. "कोण हाय रे?"

"विद्यापीठातल्या मॅडम," मुलगा म्हणाला.

मी काही बोलायच्या आत त्यांनी ओंजळभर फुलं माझ्या हातात दिली. "न्या मॅडम. पोरामागं लय मेहनत घेता तुम्ही."

फुलं हातात धरूनच मी पंपाच्या खोलीत गेले. डबा जागेवर होता, पेनड्राइव्ह आत होता. जप्तीचा पंचनामा सुरू झाला तेव्हा वडिलांना आम्ही कोण ते कळलं. ते क्रेटवर बसले. मुलाला त्यांनी एकच विचारलं, "पूजेतलं मशीन होतं ना रं?"

जप्त मुद्देमाल तपासणीसाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत अडकला असता तर मुलीचा महिना असाच गेला असता. न्यायालयात लगेच अर्ज केला आणि परवानगीनं तिला प्रत मिळवून दिली. तिनं मुदतीत प्रबंध दिला. आता ती एक प्रत मामाच्या घरीही ठेवते.

तो मुलगा मुरलेला गुन्हेगार नव्हता. उघडं दार आणि साठलेला राग एका दुपारी एकत्र आले. राग पोलिसांच्या हातात नसतो. दार बंद करणं मात्र प्रत्येकाच्या हातात असतं. पासवर्ड फोडून कोणी आत शिरेल याची लोकांना भीती असते. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच प्रकरणांत फोडायला काही नव्हतंच.

पुढच्या खंडेनवमीला आमच्या ठाण्यातही पूजा झाली. बंदुका, गाडी, संगणक, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, "संगणक बंद करा."

हवालदार मोबाइल सरसावून उभे होते. "मॅडम, फोटोत अंधार येईल."

"येऊ द्या."