पिशवी काढल्यावरचा हिस्टेरिया

गारगोटीच्या माझ्या मावशीची कोल्हापुरात पिशवी काढली. टाके सुकले, पण पोटातली कळ जाईना. ती ओरडली की नवरा म्हणायचा, "नाटकं हायत."

मी तिला ऑपरेशन केलेल्या त्याच डॉक्टरकडं नेलं. पोटाला हातही न लावता त्यानं सांगितलं, "हिस्टेरिया हाय."

हिस्टेरेक्टॉमी, म्हणजे पिशवी काढणं, आणि हिस्टेरिया, दोन्ही शब्द गर्भाशयाच्या एकाच ग्रीक नावावरून आलेत. गर्भाशय अंगभर भटकतं म्हणून बाई पिसाळते, असं तिकडचे जुने वैद्य खुशाल मानायचे.

मी विचारलं, "पिशवी तर तुम्हीच काढली की! मग आता भटकतंय काय?"

"लई वाचता, पावणं," म्हणत त्यानं झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

आता मावशी दिवसभर झोपते. नवरा गावभर सांगतो, बाई सुधारली. झोपेतही तिची मूठ पोटावर आवळलेली असते.