होडीच्या बुडाचा वाद

होडीचं बूड सपाट असावं की निमुळतं, या प्रश्नावरून माझी बायको माहेरी निघून गेली.

तेव्हा मी लोणावळ्याला रेल्वेत फिटर होतो. बंगल्यातल्या एका शेठजींनी अडगळीतलं होडीचं विलायती इंजिन मला देऊन टाकलं. त्याला पंखाच नव्हता. खालून पाणी ओढायचं, मागे जोरात फेकायचं, की होडी पुढे! पंखाच नाही, तर उथळ पाण्यात खडकावर आपटून मोडणार काय? माझी सासुरवाडी धरणाच्या पाण्याच्या एका फाट्यापलीकडे. उन्हाळ्यात तिथं मांडीभर पाणी, काठाला तर गुडघाभर, आणि खाली नुसता चिखल. वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. म्हटलं, होडी करू! लाकूड घरातच होतं. फडताळासाठी सासऱ्यांनी सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, सागवानी फळ्या दिल्या होत्या.

"निम्म्या घ्या," सुमन म्हणाली. "निम्म्या माज्या फडताळाला!"

सुतार भिकूआबा. जन्मभर बैलगाड्या केलेला माणूस. म्हणाले, "गुडघाभर पान्याला बूड सपाट पायजे, फिटरसायेब. निम्म्या फळ्यांत व्हतंय."

"सपाट बूड परातीला असतं, आबा! मुंबईच्या बंदरात लाँच पाहिल्यात मी. खाली कशा निमुळत्या! पाणी कापत जातात!"

"तितं पानी हाय कापाया. हितं काय कापनार, चिखल?"

माझं डोकंच फिरलं. (राग आला की मला माझं म्हणणं जास्तच पटायला लागतं.) इंजिन कुणाचं? माझं! होडी कुणाची? माझी! "बुडाला निमुळती म्हणजे निमुळतीच!" मी ओरडलो.

"सारखं बुडाला, बुडाला म्हनू नका वो," आबा पुटपुटले आणि त्यांनी सगळ्या फळ्या कापल्या. निमुळत्या बुडाला लाकूड दुप्पट लागतं, हे मला तेव्हा कळलं.

सुमनला संध्याकाळी कळलं. तिनं पिशवी भरली. "आता त्याच होडीतनं न्यायला या. तवर म्या येत न्हाई!"

तीन आठवडे मी करपलेल्या भाकरी खाल्ल्या आणि भिकूआबांना शिव्या दिल्या. (त्यांचा काय दोष? पण शिव्या द्यायला कुणीतरी लागतंच!) घर खायला उठलं होतं. होडी झाली त्याच रविवारी निघालो.

होडी डुलत, झुलत, पण गेली! पलीकडच्या काठावर पांढऱ्या धोतरात सासरे उभे, मागे सुमन. छाती फुगवून मी हात हलवला, आणि काठ पन्नास पावलांवर असताना निमुळतं बूड खचकन चिखलात रुतलं.

"मामा, मागून ढकला!"

बिचारे धोतर खोचून पाण्यात उतरले, होडीमागे आले. होडी हलेना. मी संतापून इंजिन पूर्ण जोरात सोडलं. त्यानं आपलं काम चोख केलं. खालून जे मिळालं ते ओढलं आणि मागे फेकलं. खाली चिखल होता. मागे मामा होते.

इंजिन घुसमटून बंद पडलं तेव्हा मामांचे फक्त डोळे दिसत होते.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "झालं का?"

"तुम्हाला नीट ढकलता येत नाही!" मी उलट त्यांच्यावरच ओरडलो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सुमन पाण्यातून तरातरा चालत आली आणि होडीत बसली. "म्या शब्द दिलाय. होडीतनंच येनार. तुमी उतरा!"

मी उतरलो, इंजिनही उतरवलं, तशी होडी हलकी होऊन तरंगली. मग मी होडीला बांधलेला कासरा खांद्यावर घेतला आणि मांडीभर पाण्यातून, दातओठ खात, ती ओढत निघालो.

आमच्या काठावर एक म्हातारा म्हशी धूत होता; जाताना त्यानं इंजिनाचा आवाज ऐकला होता. "पोरी," त्यानं कौतुकानं विचारलं, "किती घोड्यांचं विंजान हाय गं?"

"घोडं न्हाई, बाबा, बैल हाय," सुमन म्हणाली. "एकच. पन लय लौकर तापतो!"

मी चिडून कासरा पाण्यात फेकला आणि तिचं म्हणणं खरं करून दाखवलं.