मोजणं सुटेना

इक्बाल सर गेल्याचं मला त्यांच्या मुलीच्या, नसीमच्या, फोनवरून कळलं. "काकू, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली आणि रिसीव्हर तसाच बाजूला ठेवला असावा, कारण घरातलं रडणं मला ऐकू येत राहिलं. महिना झाला. अजून बेलापूरला त्यांच्या बिल्डिंगवरून जायची वेळ आली की मी वाट वाकडी करते.

आम्ही एकाच शाळेत होतो. ते गणिताचे, मी मराठीची. गणितवाल्यांना कशात रस म्हणून नसतो, असं मी चिडवलं की ते मुकाट्याने डबा पुढे सरकवायचे आणि माझं तोंड बंद व्हायचं. रोज पहाटे कुराण वाचून मगच ते शाळेला निघत. ती शांती दिवसभर त्यांच्या चेहऱ्यावर असायची... मला तिचा हेवा वाटायचा.

मग आखातात नोकरीला असलेला त्यांचा भाचा सुट्टीवर येताना एक पुस्तिका घेऊन आला. कुराणातले शब्द, आयती म्हणजे वचनं, सगळं म्हणे एकोणीसच्या पटीत बसतं आणि आता तर संगणकानेही ते सिद्ध केलंय. "मामू, तुमी गणिताचे. तुमी बरोबर हाय म्हटलंत की कोन बोलनार?" सरांनी होही म्हटलं नाही, हसण्यावारीही नेलं नाही. तपासायला बसले. पहाटेची वेळ त्यातच जाऊ लागली. काही महिन्यांनी स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "बाई, एका ठिकाणी शब्दाचं अनेकवचन मोजणीत धरलंय, दुसरीकडे सोडलंय. जिथं कमी पडतं तिथं नियमच बदललाय. उत्तर आधी ठरवून गणित केलंय हो." पोरांनी असं केलं असतं तर त्यांनी पेपरवर लाल रेघ ओढली असती. भाच्याला त्यांनी स्वच्छ सांगितलं. तो भडकला, "म्हंजे किताबवर शक?" सर म्हणाले, "किताबवर नाय रे. या चोपड्यावर. किताबला पाढ्याचा टेकू कशाला लागतो?" भाच्याने येणं टाकलं. त्याचं सरांना वाईट वाटलं, पण खरा घाव तो नव्हता.

तो मला कळला भाभी, सरांची बायको, गेल्या तेव्हा. घरात नातेवाईक कुराणाचे भाग वाटून घेऊन वाचत बसले होते आणि सर एकटेच गॅलरीत उभे. मी जवळ गेले. "वाचताच येत नाही, बाई," ते म्हणाले. "डोळे ओळीवर गेले की आकडा सुरू होतो. तिच्यासाठी वाचतोय आणि मोजतोय..." थोड्या दिवसांनी जाईल, असं मी म्हटलं. ते गेलं नाहीच. खोटं कोणाच्या पदरात घालायचं नाही म्हणून या माणसाने तपासलं, आणि त्याचीच पहाट हातची गेली. हा कुठला न्याय? मला अजून राग येतो.

परवा मन घट्ट करून नसीमकडे गेले. शेवटच्या दुपारी ती उशाशी बसून त्यांच्यासाठी वाचत होती. सर डोळे मिटून पडले होते. मध्येच त्यांनी विचारलं, "कुठवर आलीस गं, बाय?"

"काकू, अब्बांना नेहमी माहीत असायचं," नसीम म्हणाली. "कितवी आयत, कितवा शब्द... त्या दिवशी त्यांना माहीत नव्हतं."

ग्लानी असेल, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. पण ते मोजणं सोडून ऐकत होते, असंच मी धरून चालले आहे. नसीमने त्यांना काही सांगितलं नाही. ती नुसती पुढे वाचत राहिली.