पाण्याला लागलेला चकवा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली विचारायला नको — लोकेशन शेवटी दिलेलं आहे. या वेळी खरं. मधलं काहीही न वाचता थेट तिथे उडी मारणार असाल तर मारा. कोणाला अडवायचा मला आता कंटाळा आलाय.

या सदरात लोक भुताखेतांचं काय काय लिहितात ते मी नेमाने वाचतो आणि हसतो. मीनाला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवतो आणि मग दोघं हसतो. माझी अख्खी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या विभागात गेली. पाणी कुठून आलं, कुठे गेलं, मध्ये कुठे गळलं... ताळमेळ लागलाच पाहिजे. नाही लागला तर फुटका पाइप शोधायचा, मांत्रिक नाही. असा मी माणूस. आता तुमची हसायची पाळी.

सवड मिळेल तेव्हा एकट्याने गाडी काढून भटकायचं, हा माझा एकुलता एक शौक. पावसाळ्यात रविवारी पहिने, दुगारवाडी, भावली — सगळीकडे गाड्यांची रांग, स्पीकर आणि झाडाखाली कपडे बदलणारी मंडळी. त्यामुळे मी आडवाटा धरायला लागलो. आडवाटांच्या एका ग्रुपवर फोटो टाकायचो. बोलका माणूस नाही मी; फोटो टाकला की माझं बोलून झालं.

गेल्या हिवाळ्यात पेठ रस्त्याला, करंजाळीच्या पुढच्या एका आतल्या फाट्यावर गाडी तापली. बॉनेटमधून वाफ, आणि माझ्याकडे नुसता रिकामा कॅन. रस्त्याच्या कडेला लाकडाची मोळी टेकवून एक बाई दम खात बसली होती, साधारण माझ्याच वयाची. विचारलं, "ताई, इथे जवळ पाणी कुठे मिळेल?"

तिने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. मग म्हणाली, "प्यायला का गाडीला?"

"गाडीला."

"असू द्या. तहान ती तहान. चला."

मोळी तिथेच टाकून ती पुढे निघाली. नाव यमुनाबाई, राहणार टेंभुरपाडा. पाड्याच्या मागून कारवीच्या झुडपांतून चढ चढलो, आणि समोर एकदम डोह. काळ्या कातळातला, फार मोठा नाही, पण तळाचे खडे मोजून घ्यावेत इतका नितळ. वरून एक उंबर आडवं वाकलेलं. एका अंगाला बायकांनी वर्षानुवर्षं राखेने भांडी घासून कातळाला वाटीसारखा खळगा पडलेला. मी कॅन भरताना त्याचं पिवळं झाकण हातातून निसटलं आणि पाण्यालगतच्या एका फटीत जाऊन बसलं. बोट घातलं, काडी घातली... निघेना.

"ऱ्हाऊ द्या आता," यमुनाबाई म्हणाल्या. "गाडी थंड व्हईल आन् तुमी गरम व्हाल."

मी मोबाइलवर फोटो काढले. परत येताना त्या जरा थांबल्या. "दादा, तुमी पानी इचारलं म्हणून दाखवलं. पानी इचारणाऱ्याला आमच्यात नाय म्हनत नाय. पन हे फोटूवाल्यांना नका सांगू. लय घान करत्यात."

"नाही सांगणार."

"आन् कोनी इचारलंच तर गप बसा. पन पान्याचं खोटं नका सांगू."

"का?"

"का म्हंजे?" देवळात चप्पल घालून का जायचं नाही असं मी विचारल्यासारखं त्यांनी बघितलं. "नाय सांगत कोनी."

करवंदं लागली की फोन करते, म्हणून त्यांनी माझा नंबर घेतला. मी रेडिएटरमध्ये पाणी ओतलं आणि घरी आलो.

फोटो ग्रुपवर टाकला, ठिकाणाचं नाव न देता. आणि सुरू झालं! लोकेशन प्लीज. पिन टाका ना काका. एकटेच खाणार का? एकाने तर नुसती प्रश्नचिन्हंच पाठवली, रोज सकाळी, सुप्रभातसारखी. मी गप्प. यमुनाबाईंनी सांगितलं होतं तसा अगदी गप्प. मग एका शहाण्याने लिहिलं — "नाशकात असा डोह नाहीच. नेटवरून उचललेला फोटो आहे." त्याखाली हसऱ्या तोंडांची जत्रा भरली.

मीना म्हणाली, "अहो, हसू द्या ना. तुम्हाला काय निवडणुकीला उभं राहायचंय?"

मला उभं राहायचं नव्हतं, पण झोंबलं. कबूल करतो, फार झोंबलं. आणि मी स्वतःला हुशार समजत होतो. मी पिन टाकली — खोटी. टेंभुरपाड्याच्या समोरच्या अंगाला, मधली दरी सोडून पलीकडे, एक उघडाबोडका कातळाचा माळ आहे. लोक त्याला करपा माळ म्हणतात. झाड नाही, झुडूप नाही. त्यावर पिन ठेवली आणि खाली लिहिलं, "इथून उत्तरेला थोडं उतरलं की डोह." म्हटलं जातील, ऊन खातील, मला चार शिव्या देतील आणि विसरतील. डोहही वाचेल आणि माझं नाकही. त्या रात्री मला छान झोप लागली, हे आठवलं की आता चीड येते.

मग मी शिव्यांची वाट बघत बसलो. तर आले आभार!

"काका, काय स्पॉट सांगितलात! मानलं." फोटोवर फोटो. काळा कातळ, नितळ पाणी, वाकलेलं उंबर. मला वाटलं, भटकत भटकत खऱ्या डोहाशी पोचले असतील. एकाला विचारलं, पाड्यातून गेलात का? त्याचं उत्तर, "कसला पाडा? गाडी थेट पिनपर्यंत जाते की. उतरलो आणि पाणी." मग वाटलं, माझाच फोटो फिरवून टाकतायत, हल्ली मोबाइलवर काहीही करता येतं. एका फोटोत एक मुलगी काठावर पाय सोडून बसली होती. मी सहज बोटांनी तो मोठा केला. तिच्या घोट्याजवळ कातळाची फट होती. फटीत पिवळं झाकण.

माझ्या फोटोंमध्ये ते झाकण कुठेच नाही. मी ग्रुपवर त्याच्याबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाही. फोन मीनापुढे धरला. ती चष्मा लावून आली, बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही पिन चुकून खरीच टाकली असेल." उठून तपासली. पिन करपा माळावरच होती.

उन्हं तापायला लागली आणि यमुनाबाईंचा फोन आला. मला वाटलं करवंदं. मागे वारा एवढा, की अर्धं ऐकूच येईना.

"दादा, डोह गेला."

"आटला?"

"आटला नाय. आटतो तवा खाली खाली जातो, चिखल ऱ्हातो. ह्यो गेला. सकाळी गेलो तर नव्हता."

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. उंबर होतं. राखेचा खळगा होता. पाण्याच्या जागी कोरडी ठणठणीत खोलगट जागा, वर्षानुवर्षं कोरडी असल्यासारखी — ना चिखल, ना शेवाळ, ना मेलेला मासा. फटीत वाकून पाहिलं. झाकण नव्हतं. पाण्याच्या विभागात आयुष्य गेलं माझं, गळती मला वासाने कळते. तिथे वासच नव्हता.

"कधीच असं नाय झालं," यमुनाबाई म्हणाल्या. "दुस्काळात बी नाय." बायका आता फाट्यापलीकडच्या विहिरीवर जात होत्या. यमुनाबाईंची सून पोटुशी, दिवस भरत आलेले, तीही डोक्यावर हंडा घेऊन त्याच रांगेत. मला ती लांबून चढ चढताना दिसली. मध्ये थांबली, हंडा सावरला, परत चालायला लागली. मी यमुनाबाईंना पिनचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. "जरा बघून येतो," म्हणालो आणि गाडी वळवून करपा माळाकडे निघालो.

भर दुपार. पिनच्या जागी एक पांढरी गाडी उभी, आणि उत्तरेच्या उतारावरून एक कुटुंब वर येत होतं. नवरा, बायको आणि टॉवेल गुंडाळलेली छोटी मुलगी. तिघांचे केस ओले. नवऱ्याने मला ओळखलं, ग्रुपवर माझा फोटो आहे.

"अहो, तुम्हीच ना ते काका? काय गार पाणी आहे हो! आम्ही सातपूरहून आलो. एवढ्या जवळ असं काही असेल असं वाटलं नव्हतं."

"कुठे आहे पाणी?" मी विचारलं.

तो हसला. "काका, गंमत करताय का? तुम्हीच सांगितलंत की."

त्याची बायको म्हणाली, "जा जा, आत्ता कोणी नाहीये, निवांत पोहून घ्या."

ते गेले आणि मी उतरलो. काहीही नव्हतं. तापलेला कातळ, त्यावर थरथरणारी हवा. पण दगडावर पावलं होती. ओली पावलं. दोन मोठ्या जोड्या आणि मध्ये एक लहान. मी त्यांच्या उलट चालत गेलो. थोडं खाली, कातळाच्या मध्यावर ती संपली. म्हणजे तिथून सुरू झाली होती. त्याच्या पलीकडे दगड कोरडा, आजूबाजूलाही कोरडा. मी खाली बसून लहान पावलाला हात लावला. थंड होतं. माझ्या हाताखालीच ते वाळलं, आधी टाच, मग बोटं... आणि मी त्या माळावर, मोठा माणूस, अक्षरशः ओरडलो, "अरे, मला का दिसत नाही?" खिशात फोन वाजला. ग्रुपवर सातपूरच्या त्या माणसाचा फोटो. मुलगी पाण्यात, मागे उंबर.

चकवा ऐकून आहे मी. रानात माणूस गोल गोल फिरतो, घराची वाट समोर असून सापडत नाही. तो माणसाला लागतो. पाण्याला चकवा लागल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आणि लावणारा मी.

परत पाड्यावर गेलो आणि या वेळी यमुनाबाईंना सगळं सांगितलं. फोटो, पिन, माझी हुशारी. अंगणात आणखी दोघी-तिघी बायका होत्या, त्यांनीही ऐकलं. मला वाटलं हसतील, वेडा समजतील. कोणी हसलं नाही. कोणाला नवलही वाटलं नाही, याचंच मला जास्त भय वाटलं.

"सांगितलं व्हतं ना तुमाला?" यमुनाबाई म्हणाल्या. "गप बसा म्हनलं व्हतं. गप बसायला काय पैसं पडत व्हतं का?"

"चुकलो. पिन आजच काढून टाकतो."

"काढून काय व्हनार? तुमी सांगितलंय तिथं ते गेलंय. आता खरं कुठं ते कोन सांगनार त्याला?"

"खरं सांगितलं तर सगळे इथे येतील, यमुनाबाई. गाड्या, स्पीकर, बाटल्या..."

"येऊ द्या!" त्या एकदम चढ्या आवाजात बोलल्या. "मान्साला हाकलता येतं. पान्याला बोलवायचं कसं?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "आन् घान केली तर ह्या सायबालाच बशिवू राखनदार. पेन्शन हाय ना त्याला?" तेव्हा मात्र सगळ्या हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला.

तरी मी लगेच लिहिलं नाही, हेही सांगतो. आधी पिन काढून बघितली. उपयोग शून्य, लोकांकडे स्क्रीनशॉट आहेत, ते अजून जातात, अजून आभार मानतात. मग ग्रुपवर लिहिलं, "ते लोकेशन चुकीचं आहे, तिथे पाणी नाही." तर उत्तरं आली — "काका, गर्दी व्हायला लागली म्हणून आता पुडी सोडताय ना?" सांगा, काय करायचं अशा माणसांचं! भूजल विभागात काम करणाऱ्या एका मित्राला विचारलं. त्याने झरे, भेगा, पातळी असं बरंच समजावलं. सगळं पटलं. झाकण तेवढं त्याच्या समजावण्यात बसेना. ओल्या पावलांचं तर मी त्याला सांगितलंच नाही.

तोवर यमुनाबाईंची सून रोज तो चढ चढत होती. मीना परवा एवढंच म्हणाली, "तुम्हाला लाज वाटते म्हणून ती हंडे वाहतेय." त्यानंतर टाळायला जागा उरली नाही.

तर लिहितो. ग्रुपवर दिलेली पिन खोटी होती. मुद्दाम दिलेली होती. करपा माळावर पाणी नाही. डोह टेंभुरपाड्याचा आहे. नाशिकहून पेठ रस्त्याने करंजाळी ओलांडली की उजवीकडे आत जाणारा फाटा, तिथून पाडा, शेवटच्या घराच्या मागून कारवीतली पायवाट, वर वाकलेलं उंबर. डोह त्याच्याखाली आहे. तिथेच आहे. हे मी शुद्धीत आणि खरं सांगतोय.

हे कसं झालं, मला माहीत नाही. पाण्याला माणसाचं बोलणं कळतं असं मी अजूनही म्हणणार नाही. तसं म्हटलं तर सगळी नोकरी खोटी पडेल. कळत नसेल, तर मग हे काय होतं? डोकं फुटायची वेळ आली, फुटका पाइप काही सापडला नाही.

काल फोन करून सांगितलं, उद्या लिहितोय. यमुनाबाई म्हणाल्या, "लिवा. आमी रोज बघतो जाऊन." स्वतः जायची माझी छाती होत नाही. माझ्या डोळ्यांना करपा माळावर काही दिसलं नाही, इथेही दिसलं नाही तर?

तुम्ही जालच, तुम्हाला मी ओळखतो. बाटल्या परत न्या. आणि काठावरच्या फटीत पिवळं झाकण दिसलं, तर काढू नका. दिसलं, एवढंच मला कळवा.