आधी ‘तयार’ कोण म्हणणार

“माझ्या प्रोग्रामनं आधी ‘तयार’ काय म्हणून म्हणायचं? तुमचा काय मूग गिळून बसलाय?”

“काटा तुमचा, शैलाबाई. गाडी आधी तुमच्याकडं येते.”

“अन् पावती तुमची! पावतीवाला तयार असल्याबिगर वजन कुणाच्या डोक्यावर घालू?”

घनसावंगीकडच्या एका साखर कारखान्यात १९९८च्या हंगामाचा हा पहिला दिवस. काट्यावरचं वजन घेणारा प्रोग्राम शैलाचा, पावती छापणारा भालचंद्रचा. मध्ये नळीसारख्या दोन फायली: एकीत ती लिहिणार, तो वाचणार, दुसरीत उलट. दिवाळीपासून आजपर्यंत दोघांचं बोलणं बंद, म्हणून दोघांनी आपापला प्रोग्राम एकट्यानंच तपासलेला. आणि दोघांनीही सुरुवातीलाच लिहून ठेवलेलं: समोरून ‘तयार’ येईपर्यंत थांब. त्याप्रमाणं दोन्ही प्रोग्राम इमानानं थांबले होते. चूक दाखवत नव्हते, बंदही पडत नव्हते. पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत होता.

भालचंद्र माणूसच तसा. जाफराबादच्या स्टँडवर ही गाडी कुठली, हे त्यानं कधी कुणाला विचारलं नाही; कंडक्टर ओरडेपर्यंत उभा. मुलगी बघायला गेला तेव्हा चहा गार झाला तरी हा गप्प. शेवटी मुलीच्या मामानंच विचारलं, “पोराला बोलता येतं ना?” आधी तोंड उघडतो तो गरजू, अशी त्याची समजूत.

खिडकीत तीर्थपुरीचा मच्छिंद्र उगवला. “मशीन मेली का?”

“न्हाई,” शैला म्हणाली. “दोन प्रोग्राम एकमेकांची वाट बघून राह्यलेत.”

“मंग एकाला सांगा की, बोल म्हणून! माझा ऊस सकाळधरनं उन्हात वाळून राह्यलाय. घटलेलं वजन तुमचा बाप भरून देणार का?”

‘थांब’ आणि ‘तयार’ या दोन ओळी फक्त खालीवर करायच्या होत्या, कुणाच्याही एकाच्या प्रोग्राममध्ये. पण मॅनेजर साहेबराव बजावून गेले होते: “ज्याचा प्रोग्राम बदलावा लागंल, चूक त्याची. तो उद्यापासून घरी.”

शैलानं कीबोर्ड पुढं ओढला.

“भालचंद्रराव, मी बदलते. माझा आधी बोलंल. पण चूक दोघांची होती, एवढं साहेबांना सांगाल?”

त्यानं जेवणाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं.

“सांगाल का?”

“अवो, हो म्हणा की जल्दी!” मच्छिंद्र गजांवर थापा मारत ओरडला. “दातखीळ बसली का काय ह्यांची?”

शैलाची बोटं कीबोर्डवर तशीच.

‘हो’ म्हणण्याऐवजी भालचंद्रनं डबा पिशवीत टाकला, चपला पायात सरकवल्या आणि मच्छिंद्रच्या बैलांना वळसा घालून गेटाकडं चालू लागला.