रुळांच्या कामावरचा फरारी

वर्दी उतरवली तसे बहुतेक गुन्हे डोक्यातून गेले, हे एक प्रकरण मात्र जायचं नाव घेत नाही. गंमत म्हणजे ते हाती आलं तेव्हा माझ्या अंगावर वर्दीच नव्हती. महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त होऊन मी शारजात, अल नहदाला मुलाकडे राहायला गेलो. नातवंडं इंग्रजीत उत्तरं द्यायची, मी दिवसभर खिडकीतून गाड्या बघायचो. शेवटी कंटाळून, वाळवंटात रेल्वेचे रूळ टाकणाऱ्या एका ठेकेदाराकडे सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो.

त्या उन्हाळ्यात रायगडकडचा एक कामगार नाहीसा झाला. मॅनेजरचं मत आधीच ठरलेलं होतं. "दुसरीकडे काम मिळालं असेल, साहेब. फरार म्हणून रिपोर्ट करतो. तुम्ही चार जबाब घ्या, खलास."

खबर दिली ती कामगार ज्यांना 'आपा', म्हणजे मोठी बहीण, म्हणायचे त्या बाईंनी. मूळच्या रत्नागिरीच्या, शारजात शाळेत शिकवायच्या. सुट्टीच्या दिवशी दुबईतल्या मुहैस्नाहला आमच्या कामगारांच्या कॅम्पात येऊन कामगारांना लिहावाचायला शिकवायच्या, उन्हात जीव कसा सांभाळायचा ते सांगायच्या. 'आल्या समाजसुधारक' म्हणून मॅनेजर नाक मुरडायचा. त्यांनी मला गाठलं. "पळणारा माणूस बायकोसाठी घेतलेलं अत्तर खाटेखाली ठेवून जाईल का? एकदा फरारचा शिक्का बसला की त्याला कोणी शोधणार नाही. बायको रोज फोन करते, तिला काय सांगू?"

मुद्दा बिनतोड होता. मी एकेकाला ऑफिसात बोलावलं. मुकादम छातीठोकपणे म्हणाला, "परत येताना बसमध्ये हजेरी घेतली. नाव पुकारलं, 'हजर' ऐकू आलं. म्हणजे तो कॅम्पातूनच पळाला."

"तोंड पाहिलंत त्याचं?"

"एवढ्या गर्दीत तोंडं कुठे बघणार, साब?"

बाकीच्यांनीही तोच पाढा वाचला. ऐकीव गोष्ट सगळे सारखी सांगतात, डोळ्यांनी पाहिलेली जो तो वेगळी सांगतो, हा माझा जुना अनुभव. म्हणून मी एकच प्रश्न धरून बसलो: बसमध्ये त्याच्या शेजारी कोण होतं? कोणालाच सांगता येईना. त्याच्या गावचा, त्याच्याच खोलीत राहणारा मित्र तर मान वर करेना. मी त्याच्यापुढे पाणी ठेवलं आणि आवाज न चढवता विचारलं, "'हजर' कोण म्हणालं?"

त्याला रडू फुटलं.

"मीच बोललो, साहेब. त्याला सकाळपासून बरं नव्हतं. वाटलं, पाण्याच्या टँकरवाल्याबरोबर आधीच कॅम्पला गेला असेल. त्याची गैरहजेरी लागू नये म्हणून बोललो. आम्ही एकमेकांसाठी बोलतोच."

"आणि खोलीत दिसला नाही तेव्हा?"

"घाबरलो. खोटी हजेरी दिली म्हणून मला घरी पाठवतील. मग मनाला समजावलं, पळालाच असेल."

स्थानिक पोलिसांना कळवून आम्ही त्यांना कामाच्या जागी घेऊन गेलो. रुळांखाली टाकायच्या सिमेंटच्या स्लीपरांच्या थप्पीमागे तो पडलेला होता. दुपारच्या सुट्टीत सावली बघून आडवा झाला, तो उठलाच नाही. बाकीचे कामाला लागले, रूळ पुढे सरकत गेले, बसही पुढूनच सुटली. हजेरी पूर्ण भरली होती, त्यामुळे मागे फिरून बघायचं कोणाच्या मनातही आलं नाही. मित्राचं भलं करायला गेलेल्या त्या माणसाला काय म्हणावं ते मला आजही कळत नाही. त्याच्यावर रागावताही येत नव्हतं, म्हणून जास्तच चडफड झाली.

फरारचा रिपोर्ट रद्द झाला. आपांनी माझ्यासमोरच त्याच्या बायकोला फोन लावला. "बेटी, तुझा नवरा पळाला नव्हता," असं म्हणून त्यांनी जमेल तितक्या हळुवारपणे सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

सगळं ऐकून ती म्हणाली, "आपा, तुम्ही फरारच लिहा ना. पळालेला माणूस कधीतरी घरी येतो."

खरं शोधून काढलं की कोणाचं तरी भलं होतं, असं मी नव्या भरतीच्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. आज कोणी विचारलं तर एवढंच सांगेन की तपासानं खरं कळतं. ज्याच्यासाठी ते शोधलं, त्याच्या हातात शेवटी काय पडतं ते विचारू नका.