कोकणाला निघालेल्या चंद्रकलामावशी

चंद्रकलामावशी सकाळी अंगणात आल्या की आधी हवामान सांगायच्या, पण ते गोंदियाजवळच्या आमच्या फुलचूरचं नसायचं. थंडीत समोरचं घर दिसू नये असं धुकं पडलेलं असायचं, आम्ही शेकोटीपाशी हात चोळत बसलेलो, आणि मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून मावशी म्हणायच्या, "तिकडं लख्ख ऊन हाय व आज. वारं बी नाई." तिकडं म्हणजे कोकणात, समुद्राकाठच्या एका गावात. त्यांची एकुलती एक मुलगी प्रणाली तिथे लग्न करून गेली होती.

मावशी माझ्या शेजारी. मी शाळेत शिकवते. त्या आरोग्य खात्यात नर्स होत्या आणि त्यांची जवळजवळ सगळी नोकरी तिरोडा तालुक्यात, बोदलकशाच्या आजूबाजूच्या खेड्यांत झाली. हाडापेरानं मजबूत, बोलणं थेट तोंडावर. एकदा त्या एका बाळंतिणीला पाहायला गेल्या, तर सासू दारातच म्हणाली, "सून झोपली आहे, उद्या या." मावशींनी तिला हातानं बाजूला केलं आणि त्या आत शिरल्या. सुनेचं अंग तापानं फणफणत होतं, तिला शुद्ध नव्हती. मिळेल त्या जीपमध्ये घालून मावशींनी तिला तिरोड्याच्या दवाखान्यात नेलं आणि ती वाचली. ही गोष्ट सांगून झाली की त्या म्हणायच्या, "दारात जो मानूस लय गोड बोलते, त्याच्या मांगं का हाय ते आधी पाहाव."

जावई समीर गोडच बोलायचा. प्रणाली पुण्यात नोकरीला असताना तो तिला भेटला. लग्न कोर्टात झालं, त्याच्या घरचं कोणी आलं नाही. "आम्ही बौद्ध हावो. तुमच्या घरी माही पोरगी चालन का?" मावशींनी त्याला एकदाच विचारलं होतं. "आई, तो काळ गेला आता," तो हसून म्हणाला. मग दोघं नोकऱ्या सोडून त्याच्या गावी गेली आणि घराच्या खोल्या पर्यटकांना भाड्यानं देऊ लागली.

पहिल्याच हिवाळ्यात मावशींनी जायचं ठरवलं. कोल्हापूरची गाडी आमच्याच गोंदिया स्टेशनातून सुटते, पुढे घाट उतरून एसटी. तिकीट मी मोबाईलवर काढून दिलं. त्यांनी चिवडा केला, लाखोरीची डाळ बांधून घेतली. निघायच्या आदल्या दिवशी समीरचा फोन आला. सीझन आहे, एकही खोली रिकामी नाही, उन्हाळ्यात या. "मले खोली कायले पायजे?" मावशी फोन ठेवून मला म्हणाल्या. "मी पोरीजवळ झोपीन ना." पण तिकीट रद्द केलं.

उन्हाळा आला. पुन्हा तिकीट, पुन्हा फोन. तिकडचा उकाडा तुम्हाला सोसायचा नाही, असं समीर म्हणाला. आम्ही दोघी हसलो. इथे मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं! हसता हसता मावशींचं हसू ओसरलं. "गोंदियाच्या बाईले ऊन सोसत नाई म्हनते," त्या हळूच म्हणाल्या. "हे बहाना हाय व, सुनंदा."

पावसाळ्यात दरडी कोसळत होत्या, समुद्र खवळला होता. गणपतीच्या सुमारास त्याच्या घरी सुतक निघालं. प्रत्येक ऋतूला कारण तयार होतं, आणि प्रत्येक कारण तसं खरंही वाटावं असं होतं. प्रणालीचे फोन कमी होत गेले. येत ते समीरच्या नंबरवरून, स्पीकरवर.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते. मावशींनी फोनवर विचारलं, "का करून राहिली व? जेवली का?" प्रणाली म्हणाली, "मी बरी आहे, आई. तू काळजी करू नकोस."

फोन बंद झाला तरी मावशी तो हातात धरून होत्या.

"तिनं मले जन्मात आई म्हटलं नाई. मम्मी म्हनते ते. आन् माह्याशी असं पुस्तकासारखं कधी बोलली नाई. कोनीतरी बाजूले बसून आयकून राहिलं."

मावशींच्या चेहऱ्यावर गोंधळ नव्हता. दुखणं ओळखल्यावर नर्सच्या चेहऱ्यावर जी शांतता येते, ती होती, आणि मला तिचीच भीती वाटली.

पावसाळा सरला. मावशींनी मला समीरच्या घरची एक खोली माझ्या नावानं बुक करायला लावली. "आता आपुन गिऱ्हाईक होऊन जाऊ," त्या म्हणाल्या. मी शाळेतून रजा काढली. गाडीत त्या कोणाशी बोलल्या नाहीत. घाट उतरल्यावर नारळीच्या मागे समुद्र दिसला, चकचकीत, उन्हानं भरलेला. बसमधली सगळी माणसं खिडकीकडे वळली. मावशींनी मान वळवली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ओसरीवर एक पर्यटक कुटुंब नाश्ता करत होतं. समीर हसत पुढे आला, आणि माझ्यामागे मावशींना पाहून त्याचं हसू तसंच थिजलं.

"आई! कळवलं असतं तर—"

"प्रणाली कुठी हाय?"

"झोपली आहे. बरं नाही तिला. तुम्ही हातपाय धुवा, मी उठवतो."

"मी नर्स हावो. बरं नसलेल्यालेच पाहाले जाते मी," मावशी म्हणाल्या आणि चालू लागल्या. समीरची आई मधल्या दारात उभी होती. तिनं चौकटीला हात लावला. मावशींनी तो उचलून बाजूला ठेवला.

प्रणाली मागच्या पडवीत चादरी पिळत होती, एकाच हातानं. दुसरा कोपरातून वाकडा झाला होता. मावशी रडल्या नाहीत, तिला जवळही घेतलं नाही. आधी तो हात हातात घेऊन बोटांनी चाचपत गेल्या.

"केव्हा मोडला?"

प्रणालीनं आमच्या मागे पाहिलं. समीर येऊन उभा होता. "पडले मी," ती म्हणाली.

"मोडल्यावर प्लास्टर कोनी घातलं नाई?"

तिनं हात सोडवून घेतला. "चप्पल घाल," मावशी म्हणाल्या.

समीर फाटकात आडवा आला. अजूनही हळू आवाजात, नम्रपणे बोलत होता. घरातल्या गोष्टी घरात राहू देत, आई. मावशींनी मात्र आवाज चढवला. ओसरीवरच्या लोकांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "पोरीचा हात मोडला आन् दवाखाना दाखवला नाई यानं. फोन काढून घेतला. आता वाट अडवून राहिला. पाहून ठेवा सगळे." नाश्ता करणारा माणूस खुर्ची मागे सारून उठला. समीर बाजूला झाला. आम्ही बाहेर पडताना त्यानं एवढंच म्हटलं, "घर माहीत आहे मला तुमचं."

बस घाट चढत होती. मागून मोटारसायकलचा आवाज आला की प्रणाली दचकून वळायची. मावशी तिचा वाकडा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोल्हापूर यायच्या जरा आधी प्रणाली म्हणाली, "मम्मी, भूक लागून राहिली." तेव्हा कुठे मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

तक्रार दिली, नागपूरला हाताचं ऑपरेशनही झालं. पण फोन थांबेनात. नंबर वेगवेगळे, आवाज तोच, गोड. एक दिवस मावशींनी प्रणालीला बरोबर घेऊन घराला कुलूप घातलं. कुठे चाललात, मी विचारलं. "सांगत नाई," त्या म्हणाल्या. मला वाईट वाटलं. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. "तुले खोटं बोलता येत नाई, पोरी. मालूमच नसन तं बोलाव लागनार नाई."

त्यानंतर त्यांची माझी भेट नाही. यंदा एकदा भर दुपारी माझं फाटक वाजलं. समीर होता, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. मावशींच्या बंद दाराकडे बघत त्यानं अगदी आदरानं विचारलं, "मॅडम, आईंचा पत्ता मिळेल का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. तो माझ्या डोळ्यांत पाहत बराच वेळ उभा राहिला. तिथे त्याला काही सापडलं नाही.